वकीलपत्र कोणाचे? मद्रासच्या मराठी वकील-मुत्सद्द्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

चेन्नईचे एग्मोर स्थानक 1908 मध्ये सुरू झाले. तमिळ माणूस या भागाला एळुंबूर म्हणतो. कुंभकोणमला, तंजावरला जायचे तर गाडी एग्मोरहून धरायची, ही शहराची शंभर वर्षांची सवय. स्थानकाच्या दारातून बाहेर पडलात की गांधी-आयर्विन रस्ता लागतो आणि त्याच रस्त्यावर तांबड्या विटांची एक जुनी सरकारी इमारत उभी आहे. 1909 मधला हा मद्रास सरकारचा दप्तरखाना, आजचे तमिळनाडू पुराभिलेखागार. ईस्ट इंडिया कंपनीच्या सतराव्या शतकातल्या कागदांपासूनचे दप्तर इथे सांभाळलेले आहे.

ज्या माणसांविषयी ही प्रस्तावना आहे, त्यांची घरे त्या गाड्यांच्या वाटेवर होती आणि त्यांचे कागद या इमारतीत आहेत. व्यंकोजी भोसल्यांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले. पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे कावेरीच्या खोऱ्यात मराठी गादी राहिली आणि तिच्या आश्रयाने मराठी बोलणारी घरे तिथे रुजली. घरात मराठी, बाजारात तमिळ, पूजेत संस्कृत आणि नंतर कचेरीत इंग्रजी, असे त्यांचे जगणे झाले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातून दिवाण, न्यायाधीश, वकील आणि सभा चालवणारी माणसे पुढे आली. महाराष्ट्रात आपण रानडे, तेलंग, टिळक यांच्या पिढीचा अभ्यास मन लावून करतो. त्याच काळात, त्याच भाषेत वाढलेली ही दक्षिणेकडची पिढी मात्र आपल्या वाचनाच्या कडेला राहिली आहे. या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला वाट दाखवावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. तो शब्द आहे ‘वकील’.

पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा माणूस. दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. त्यांच्यामागे एक गादी होती, एक फौज होती. त्यांच्या पत्रांतला शब्द न् शब्द त्या बळावर उभा आहे. कंपनीच्या राज्यात हाच शब्द न्यायालयात गेला. आता वकिलाच्या मागे फौज नव्हती. मागे अशील होते आणि हातात कायद्याचे पुस्तक होते. या दोन अर्थांच्या बरोबर मध्ये रंगो बापूजी गुप्ते उभे दिसतात. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत केल्यावर रंगो बापूजी त्यांचे वकील म्हणून लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे अर्ज, निवेदने, सभा यांच्या मार्गाने भांडत राहिले. नेमणूक जुन्या अर्थाची, काम नव्या अर्थाचे. सातारा 1848 मध्ये खालसा झाले, तरी त्यांनी ते काम सोडले नाही.

साताऱ्याची ही कथा मराठी वाचकाला ठाऊक असते. तंजावरची कथा तितकीच महत्त्वाची आहे आणि या अभ्यासाचा पाया तिथे आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

दुसरे सरफोजी यांनी 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे दिला. राजेपद उरले आणि सत्ता किल्ल्यापुरती राहिली. त्यांचे पुत्र शिवाजी ऑक्टोबर 1855 मध्ये वारले. मुलगा नव्हता. मागे राण्या होत्या, मुली होत्या, वाडा होता, जडजवाहीर होते, जमिनी होत्या, आणि सरफोजींनी जिवापाड वाढवलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह होता. कंपनीने गादी संपली असे ठरवले. पुढच्या वर्षी तिच्या अधिकाऱ्याने शिपाई घेऊन वाड्याचा ताबा घेतला. राज्याबरोबर खासगी मालमत्ताही सरकारजमा झाली.

ज्येष्ठ राणी कामाक्षी बाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. ते कोर्ट 1801 पासून चालत होते आणि तिथे कंपनीवरही दावा लावता येत असे. राणीसाहेबांच्या बाजूने जॉन ब्रूस नॉर्टन उभे राहिले. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी रयतेचा छळ होतो की काय, याची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1855 मध्ये अहवाल दिला. त्या आयोगाच्या तीन सदस्यांत नॉर्टन होते. 1857 च्या उठावावर त्यांनी त्याच वर्षी पुस्तक लिहिले आणि त्यात राज्ये खालसा करण्याच्या धोरणावर कडक टीका केली.

राणीसाहेबांचे म्हणणे साधे होते. राज्य घेतलेत ते घेतलेत, पण नवऱ्याची खासगी मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेकडे येते, ती परत द्या. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला. सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. दरम्यान 1858 च्या कायद्याने कंपनीचे राज्य संपले, त्यामुळे ज्या कंपनीवर दावा लावला तिच्या जागी आता भारतमंत्री पक्षकार झाले. जुलै 1859 मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल वाचला आणि राणीसाहेब हरल्या. निकालाचे सार असे: ही जप्ती एका राज्यसत्तेने दुसऱ्या राज्यसत्तेबाबत केलेले कृत्य आहे, ते न्याय्य होते की अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

कायद्याच्या भाषेत याला राज्यकृत्याचा सिद्धान्त म्हणतात, आणि त्याच्या चर्चेत तंजावरचा हा खटला आजही आधार म्हणून घेतला जातो. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली तेव्हा जुन्या राजांनी दिलेल्या हक्कांचे काय, हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या वेळीही वकिलांनी आणि न्यायाधीशांनी हा निकाल पुन्हा उघडला. एका मराठी विधवेने आपल्या घरच्या मालकीसाठी लावलेला दावा शंभर वर्षांनी संस्थानांच्या विलीनीकरणाच्या वादात बोलत होता.

कज्जा लंडनमध्ये संपला, पण प्रकरण संपले नाही. 1862 मध्ये मद्रास सरकारने जमिनींचा हक्क राजाच्या वारसांसाठी सोडून दिला. कायद्याने जे मिळाले नाही ते सरकारी हुकुमाने मिळाले. मग वारस कोण, हा प्रश्न उभा राहिला. 1868 मध्ये नव्या मद्रास उच्च न्यायालयापुढे राण्याच परस्परांविरुद्ध उभ्या होत्या. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह राजघराण्याकडे राहिला आणि 1918 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आज तिथे बसून तुम्ही ताडपत्र वाचता, तेव्हा त्या ग्रंथांनी जप्ती आणि कोर्टकचेरी दोन्ही पाहिल्या आहेत हे लक्षात असू द्या.

या खटल्याकडे मी इतक्या बारकाईने पाहायला सांगतो, त्याला कारण आहे. तंजावरच्या मराठी घरांतल्या एका संपूर्ण पिढीने तो डोळ्यांसमोर पाहिला. कायदा राजापेक्षा मोठा असू शकतो, हे मद्रासच्या निवाड्याने त्यांना दाखवले. सरकार कायद्यापेक्षा मोठे होऊ शकते, हे लंडनच्या निकालाने दाखवले. पुढच्या तीस वर्षांत ही पिढी जे काही करते, त्यावर या दोन्ही धड्यांची छाया आहे, असे मला वाटते. माझे हे मत तुम्ही कागदांवर तपासून पाहावे.

त्या पिढीतले सर्वांत मोठे नाव टी. माधवराव यांचे. जन्म 1828, कुंभकोणमचा. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या शिक्षकांच्या हाताखाली माधवराव शिकले, त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि मग 1872 पर्यंत सुमारे चौदा वर्षे तिथले दिवाण राहिले. पुढे इंदूर, आणि 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोदे. तिथे 1882 पर्यंत त्यांनी कारभाराची घडी बसवली आणि कोवळ्या वयाच्या सयाजीरावांना राज्यकारभाराचे पाठ दिले. ती व्याख्याने 1881 मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. महाराष्ट्रात सयाजीरावांचे नाव घराघरांत आहे. त्यांना कारभाराची बाराखडी शिकवणारा माणूस कावेरीकाठचा मराठी होता, हे अनेकांना नव्याने कळते.

वेंकटरावांचे पुत्र रघुनाथराव माधवरावांचे चुलतभाऊ. त्यांचा जन्म 1831 चा. इंग्रज सरकारच्या नोकरीत त्यांनी वर्षे काढली आणि दोनदा इंदूरची दिवाणगिरी केली. पण त्यांचा खरा आखाडा धर्मशास्त्राचा. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार आहे हे ते शास्त्राचेच दाखले देत मांडत, आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि रघुनाथराव या कामात बरोबर होते, अध्यक्षपदी माधवराव होते. पुण्याची आणि कुंभकोणमची मराठी माणसे एका व्यासपीठावर आली होती, आणि व्यवहार बहुधा इंग्रजीत झाला असणार.

या दोघांच्या मानाने आर. बालाजी राव यांचे नाव मागे पडले आहे. माझ्या दृष्टीने या क्षेत्राचा प्रातिनिधिक माणूस तेच. 1842 ते 1896 हा त्यांचा काळ. तंजावरच्या मराठी समाजातले, मद्रासमध्ये वकिली केलेले, आणि 16 मे 1884 रोजी मद्रास महाजन सभा स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सचिव. अध्यक्ष पी. रंगय्या नायडू हेही वकीलच. सहा वर्षे आधी, 1878 मध्ये, ‘हिंदू’ हे वृत्तपत्र सहा तरुणांनी काढले, त्यांतले चौघे कायद्याचे विद्यार्थी होते. निमित्त होते टी. मुथुस्वामी अय्यर यांच्या उच्च न्यायालयावरील नेमणुकीचे. एका भारतीयाच्या त्या नेमणुकीवर इंग्रजी वर्तमानपत्रांनी टीका केली होती. 1857 चे विद्यापीठ, 1862 चे उच्च न्यायालय, 1878 चे वृत्तपत्र, 1884 ची सभा हा क्रम डोळ्यांसमोर ठेवा. कायदा शिकलेला माणूस आधी अशिलासाठी बोलायला शिकला, मग जातभाईसाठी, मग प्रांतासाठी.

इथे ‘वकील’ या शब्दाचा तिसरा अर्थ जन्माला येतो. हिंगण्यांना पेशव्यांनी नेमले होते. नॉर्टन यांना राणीसाहेबांनी वकीलपत्र दिले होते. महाजन सभेच्या सचिवाला इलाख्यातल्या कोट्यवधी माणसांचे वकीलपत्र कोणी दिले? कोणीही नाही. ते त्यांनी स्वतः घेतले, आणि मग आपण त्याला पात्र आहोत हे अर्ज करून, पुरावे गोळा करून, जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे जोडून सिद्ध करत राहिले. न दिलेले वकीलपत्र कमावण्याची ही धडपड हाच या अभ्यासक्षेत्राचा गाभा आहे. आपल्या लोकशाहीतल्या प्रतिनिधित्वाची मुळे शोधायला निघालेल्या माणसाला इथे यावेच लागेल.

1887 च्या डिसेंबरात काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. 607 प्रतिनिधी आले. अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दिन तय्यबजी, स्वागताध्यक्ष माधवराव. प्रतिनिधींत एक इंग्रज वकील होता, अर्डली नॉर्टन. राणी कामाक्षी बाईसाहेबांसाठी लढलेल्या जॉन ब्रूस नॉर्टन यांचा तो मुलगा. तंजावरचा वाडा जप्त झाला तेव्हा माधवराव तिशीच्या आत होते. आता साठीला आलेले माधवराव पाहुण्यांचे स्वागत करत होते आणि त्या वकिलाचा मुलगा समोर बसला होता. तीस वर्षांत एका राजघराण्याचा दावा देशाच्या मागण्यांपर्यंत येऊन पोहोचला, तो असा, माणसांच्या ओळखीपाळखीतून.

अशी चरित्रे लिहायची कशी? अब्राहम लिंकन यांचे उदाहरण उपयोगी पडेल. त्यांना 1836 मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि अध्यक्ष होईपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी इलिनॉयमध्ये वकिली केली. त्यांच्या भाषणांवर हजारो पाने लिहून झाली तरी वकील लिंकन नीट दिसत नव्हते. मग अभ्यासकांनी गावोगावच्या न्यायालयांतली जुनी दप्तरे चाळली आणि पाच हजारांहून अधिक प्रकरणे गोळा केली. त्यांत बरीचशी साधी कर्जवसुलीची होती. त्या रोजच्या प्रकरणांतून कळले की नेमके, थोडके आणि समोरच्याला पटेल असे बोलण्याची सवय या माणसाला कुठे लागली. आपल्या माणसांच्या बाबतीतही गौरवग्रंथ आणि तैलचित्रे यांच्या आधी दप्तराकडे जायला हवे.

एग्मोरचे दप्तर वापरायची पद्धत थोडक्यात सांगतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. इथे बहुतेक काम बांधीव खंडांत आहे, आणि खंड खात्यांनुसार लावलेले: महसूल, न्याय, राजकीय, सार्वजनिक. आधी त्या वर्षाची सूची काढायची, तीत नाव किंवा विषय शोधायचा, क्रमांक आणि तारीख टिपायची आणि मागणीची चिठ्ठी भरायची. एका हुकुमामागे अनेकदा सारी पत्रापत्री जोडलेली असते: मूळ अर्ज, कलेक्टरचा अभिप्राय, वरच्या कचेरीचा शेरा आणि शेवटी हुकूम. शेवटून वाचू नका. मूळ अर्जापासून वाचा, म्हणजे माणसाचा आवाज आधी ऐकू येईल आणि सरकारचा नंतर.

मराठी वाचकाच्या हाती इथे एक किल्ली आहे, तिचे मोल ओळखा. त्या काळच्या मद्रासी इंग्रजीत ‘राव’ हा शब्द ‘रो’ वाटावा अशा अक्षरांनी लिहीत. सूचीत ‘राव’ शोधणाऱ्याला अर्धी माणसे सापडतच नाहीत. नावाआधीची अक्षरे पाहा. टी. माधवरावांतले ‘टी’ म्हणजे तंजावर. म्हैसूर, त्रावणकोर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणी दिवाण झालेले व्ही. पी. माधवराव घ्या. ‘व्ही. पी.’ म्हणजे विश्वनाथ पाटणकर. पाटणकर हे आडनाव दोन इंग्रजी अक्षरांच्या मागे झाकले गेले आहे, ते मराठी कानालाच ओळखू येते. मोडी येत असेल तर तंजावरच्या मोडी कागदांचेही दार उघडते. येत नसेल तर शिकून घ्या, काही महिन्यांचे काम आहे. तमिळही थोडे शिका. या माणसांचे शेजारी, पक्षकार आणि विरोधक तमिळ होते, आणि त्यांच्या शब्दांशिवाय चित्र अपुरे राहील.

पुस्तकांसाठी फार लांब जावे लागत नाही. एग्मोरमध्येच, संग्रहालयाच्या आवारात, 1896 मध्ये उघडलेले कोनेमरा ग्रंथालय आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांत हे एक. पुण्यात छापलेले मराठी पुस्तकही या कायद्याने एग्मोरला यायचे असते. म्हणजे तुम्ही या विषयावर काही लिहिलेत, तर तेही याच वस्तीत येऊन राहील.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ही माणसे आपल्या भाषेची आहेत म्हणून त्यांच्या प्रेमात वाहून जाऊ नये. ती बहुतेक ब्राह्मण घरांतली होती, शिकलेली आणि सुस्थितीतली. कावेरीच्या खोऱ्यात ज्यांनी भाताची शेते राबून पिकवली ती माणसे बहुतेक तमिळ, आणि त्यांतली कित्येक जातीच्या तळाशी ढकललेली. महाजन सभेत वकील, जमीनदार, व्यापारी होते. राबणाऱ्याचा आवाज तिथे क्वचित पोहोचे. बायकांचे तर त्याहून अवघड. रघुनाथराव विधवांसाठी बोलत, पण त्या विधवा स्वतः काय म्हणत होत्या हे शोधायला वेगळी नजर लागते. न दिलेले वकीलपत्र घेणाऱ्याने कोणाला सोबत घेतले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, हा प्रश्न प्रत्येक चरित्राला विचारा. त्याने त्या माणसांचे मोठेपण कमी होत नाही, ते नीट मोजता येते.

हे क्षेत्र अजून मोकळे आहे. मराठी, तमिळ, कायदा आणि इतिहास यांच्या चौकात ते उभे असल्यामुळे एकट्याने पेलणारे नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने यावे, मोडीच्या अभ्यासकाने यावे, चेन्नईत किंवा तंजावरात राहणाऱ्या आणि आजीची दक्षिणी मराठी अजून कानात असलेल्या माणसाने तर नक्कीच यावे. त्या बोलीतले शब्द जुन्या अर्जांचे अर्थ सोडवायला शब्दकोशापेक्षा अधिक कामाला येतात.

पहिल्या दिवशी काय मागवावे असे कोणी विचारले तर मी तंजावरच्या जप्तीच्या वर्षांचे कागद सुचवतो. इंग्रजीत छापलेल्या निकालांत राणीसाहेबांचे नाव ‘कामाची बोये साहबा’ असे काहीसे होऊन बसले आहे, आणि जगभरचे वकील ते तसेच उच्चारतात. ते अक्षर न् अक्षर वाचून झाले की क्षणभर थांबा. ‘बोये’ म्हणजे बाई. ‘साहबा’ म्हणजे साहेब. कामाक्षी बाईसाहेब. नाव बरोबर लागले, की पुढचे पान उलटा.

एग्मोर, चेन्नई